पदक एकाचं, काम हजारोंचं: अंतराळातले पुरस्कार कसे वाचायचे?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. नेहमीप्रमाणे बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेले हॉर्न काढून टाकलेत. बाकी बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा वाशी ते सीएसएमटी प्रवासात नेटवर्क जातं म्हणून वाचणंच बरं वाटतं, त्यांच्यासाठी.

आजचा विषय आहे अंतराळ क्षेत्रातले वार्षिक पुरस्कार. ऐकायला जरा कोरडा वाटेल. पण दरवर्षी बातमी येते, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमानाचा एक फॉरवर्ड पाठवतो आणि विसरतो. आज त्या बातमीच्या थोडं आत जाऊ. प्रश्न एकच आहे: हजारो माणसांनी मिळून केलेल्या कामाचा पुरस्कार नक्की कुणाला देतात? आणि कुणाला दिला जात नाही?

आधी एक ताजं उदाहरण

२२ ऑगस्ट २०२४. राष्ट्रपती भवनात पहिले ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ दिले गेले. एकूण ३३. त्यात एक पुरस्कार होता ‘विज्ञान टीम’ या नावाचा, आणि तो मिळाला चांद्रयान-३ च्या टीमला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून तो स्वीकारला प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल यांनी, टीमच्या वतीनं.

‘टीमच्या वतीनं’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजचा सगळा भाग त्यांच्यावरच आहे.

या पुरस्कारांची रचना थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये सरकारनं विज्ञान खात्यांचे अनेक छोटे-मोठे पुरस्कार बंद करायचं ठरवलं, कारण त्यांची संख्या फारच वाढली होती. मग २०२३ मध्ये ही नवी योजना आली. चार गट आहेत. ‘विज्ञान रत्न’ म्हणजे आयुष्यभराच्या कामासाठी, जास्तीत जास्त तीन. ‘विज्ञान श्री’ विशेष योगदानासाठी, जास्तीत जास्त पंचवीस. ‘विज्ञान युवा – शांती स्वरूप भटनागर’ पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्यांसाठी, तेही जास्तीत जास्त पंचवीस. आणि ‘विज्ञान टीम’ तीन किंवा अधिक जणांच्या गटासाठी, जास्तीत जास्त तीन. एकूण तेरा क्षेत्रं आहेत आणि त्यात ‘अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे स्वतंत्र क्षेत्र आहे.

योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचं कॅलेंडरही ठरवलं होतं. ११ मेला, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनाला नावं जाहीर करायची आणि २३ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय अंतराळ दिनाला सोहळा करायचा. प्रत्यक्षात तारखा मागेपुढे होतात, ते सोडा. पण देशाच्या सगळ्या विज्ञान पुरस्कारांसाठी चांद्रयान-३ उतरलं तो दिवस निवडावासा वाटला, यातच त्या मोहिमेचं वजन कळतं.

याआधी काय होतं?

याआधी सरकारी सन्मान म्हणजे मुख्यतः व्यक्तीचा सन्मान. पद्म पुरस्कार व्यक्तीलाच मिळतात, संस्थेला किंवा टीमला नाही. आपल्या मराठी माणसांचीच उदाहरणं घेऊ. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस: १९८५ मध्ये पद्मभूषण. पुण्याचे वसंत गोवारीकर: १९८४ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मभूषण. प्रमोद काळे: १९८४ मध्ये पद्मश्री.

तिघंही फार मोठी माणसं. गोवारीकरांनी रॉकेटच्या घन इंधनावर मूलभूत काम केलं आणि तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र सांभाळलं. चिटणीस ‘साइट’ प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. हा प्रयोग १९७५-७६ चा. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला होता.

आता जरा विचार करा. २,४०० खेड्यांत टीव्ही संच आणि अँटेना बसवायच्या, त्या पावसाळ्यात चालू ठेवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. हे काम एका माणसाचं असू शकतं का? अर्थातच नाही. मिळालेला सन्मान योग्यच होता. पण पुरस्काराच्या फॉर्ममध्ये नावाची रकाना एकच होती.

पद्म पुरस्कारांच्या नियमांत आणखी एक गंमत आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पद्म पुरस्काराला पात्र नसतात. अपवाद दोनच: डॉक्टर आणि शास्त्रज्ञ. म्हणजे सरकारी अंतराळ केंद्रातला शास्त्रज्ञ नोकरीत असताना पद्मश्री होऊ शकतो. त्याच केंद्रात त्याच्याच उपकरणाचं वेल्डिंग करणारा तंत्रज्ञ नोकरीत असेपर्यंत होऊ शकत नाही. यात कुणाचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पण नियम कुणाला बघतो आणि कुणाला बघत नाही, ते त्यातून दिसतं.

रॉकेटचे तुकडे करून बघू

चांद्रयान-३ ला घेऊन जाणारं एलव्हीएम-३ रॉकेट १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून उडालं. त्याचे तीन भाग असतात. दोन्ही बाजूंना एस-२०० हे घन इंधनाचे बूस्टर. मध्ये एल-११०, ज्यात द्रव इंधनाची दोन विकास इंजिनं. आणि वर सी-२५, ज्यात सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन.

आता यातलं महाराष्ट्रात काय काय झालं बघा. विकास इंजिनं आणि सीई-२० चं थ्रस्ट चेंबर गोदरेजच्या एअरोस्पेस विभागानं पुरवलं. तो विभाग विक्रोळीत आहे. आपण वाशीवाले खाडीपूल ओलांडून घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडनं ईस्टर्न एक्सप्रेसला लागलो की पुढे विक्रोळीच लागते. ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. असेल तर तुमचं नशीब. बूस्टरचे काही महत्त्वाचे भाग लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यात बनले. बूस्टरचे आणखी भाग वालचंदनगरला बनले. वालचंदनगर म्हणजे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं, साखर कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथली कंपनी इस्रोबरोबर कित्येक दशकं काम करते आहे.

आणि या मोठ्या कंपन्यांच्या मागे लहान वर्कशॉप असतात. कुणी फक्त मशीनिंग करतं, कुणी उष्णतेची प्रक्रिया, कुणी तपासणी.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कुणी तपासली याची नोंद आपोआप राहते. रॉकेटच्या उत्पादनातही अशी नोंद असते, आणि आमच्यापेक्षा कितीतरी कडक: कोणतं मटेरियल, कोणत्या लॉटमधलं, कुणी तपासलं, सगळं कागदावर. म्हणजे कुणाचा हात कुठे लागला हे व्यवस्थेला माहीत असतं. फक्त ती नोंद दोष शोधायला वापरतात, कौतुक करायला नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतात. कधीकधी त्यांच्याकडे अंतराळ मोहिमेच्या कामातले पार्ट येतात. त्यानं विचारलं, “दादा, चांद्रयानला एवढे पुरस्कार मिळाले. त्यात माझ्या बाबांचं काही आहे का, की आम्ही उगाच टाळ्या वाजवल्या?”

प्रश्न एकदम रास्त आहे. त्याचं खरं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग: कागदावर बघितलं तर, बहुतेक नाही. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार खासगी क्षेत्रातल्यांनाही खुला आहे, अगदी कुठल्याही संस्थेत नसलेल्या व्यक्तीलाही. ही मोठी सुधारणा आहे. पण तो शास्त्रज्ञ, तंत्रज्ञानतज्ज्ञ आणि नवं काही शोधणाऱ्यांसाठी आहे. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक पार्ट काढणं हे ‘नवं शोधणं’ धरलं जात नाही. कामगारांसाठी ‘पंतप्रधान श्रम पुरस्कार’ १९८५ मध्ये सुरू झाले. पण ते ज्या नियमांनी दिले गेले त्यात खासगी कारखान्यात किमान ५०० कामगार असण्याची अट होती. वीस माणसांचं वर्कशॉप तिथेही बाहेर.

दुसरा भाग: असं असायलाच हवं असं मात्र नाही. जगात यावर वेगवेगळे उपाय करून बघितले गेलेत. तीन सांगतो.

उपाय एक: कंपनीचं नाव पुरस्कारातच

अमेरिकेत ‘कॉलियर ट्रॉफी’ नावाचा जुना वार्षिक पुरस्कार आहे, विमान आणि अंतराळ क्षेत्रासाठी. २०२२ चा पुरस्कार जेम्स वेब दुर्बिणीला मिळाला. तो कुणाला दिला? ‘नासा आणि नॉर्थरॉप ग्रुमन यांच्या जेम्स वेब टीम’ला. दुर्बीण बांधणाऱ्या मुख्य कंपनीचं नाव थेट पुरस्कारात. आपल्याकडे मोहिमेच्या यशानंतर कंपन्या स्वतः जाहिराती देऊन सांगतात की आमचाही वाटा होता. तिकडे ते पुरस्कार देणाराच सांगतो. यात फरक आहे.

उपाय दोन: सगळ्यांची यादी करा आणि वाटून द्या

गुरुत्वीय लहरी पकडणारा लायगो प्रयोग आठवतोय? त्याचा भारतातला भाग आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभा राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. या शोधाला २०१६ मध्ये ‘ब्रेकथ्रू’चा विशेष पुरस्कार मिळाला, ३० लाख डॉलरचा. त्यातले १० लाख तीन संस्थापकांना. उरलेले २० लाख १,०१२ जणांना सारखे वाटले. भागाकार करा: प्रत्येकी दोन हजार डॉलरपेक्षा थोडे कमी. रक्कम फार नाही. पण १,०१२ नावं यादीत आली, आणि भारतातल्या संस्थांमधले, पुण्याच्या आयुकातले लोकही त्यात होते.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्याच शोधाला नोबेल मिळालं. नोबेलचा नियम असा की विज्ञानाचा पुरस्कार जास्तीत जास्त तिघांना, आणि मरणोत्तर नाही. तीन संस्थापकांपैकी रोनाल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. तिसरी जागा बॅरी बॅरिश यांना मिळाली. तेही तितकेच लायक होते. पण शोध तोच, माणसं तीच, आणि नियम बदलला की यादी बदलते.

उपाय तीन: ज्याचा जीव टांगलेला, त्यानंच पुरस्कार द्यायचा

हा माझा सगळ्यात आवडता. नासाचा ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार. हो, कॉमिकमधला तोच कुत्रा! १९६८ पासून दिला जातो. त्याच्या आदल्या वर्षी अपोलो-१ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले होते. सुरक्षितता हे प्रत्येक कामगाराचं काम आहे, हे मनावर ठसवायचं होतं.

हा पुरस्कार अंतराळवीर स्वतः देतात. शक्यतो त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन, त्याच्या सहकाऱ्यांसमोर. मिळते काय? एक छोटीशी चांदीची पिन, जी खरोखर अंतराळात जाऊन आलेली असते. दरवर्षी एक टक्क्याहून कमी लोकांना मिळते. आणि महत्त्वाचं म्हणजे, नासाच्या कर्मचाऱ्यांबरोबर ती कंत्राटदार कंपन्यांतल्या लोकांनाही मिळते.

आता आपल्याकडे गगनयान येतंय. भारतीय अंतराळवीर भारतीय रॉकेटमधून जाणार आहेत. त्या रॉकेटमधल्या एखाद्या व्हॉल्व्हवर त्यांचा जीव अवलंबून असणार. परत आल्यावर एखादा अंतराळवीर विक्रोळीला, वालचंदनगरला किंवा आपल्या एमआयडीसीतल्या गाळ्यात जाऊन एका कामगाराच्या शर्टाला पिन लावतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. खर्च काही नाही. कमिटी नको, सभागृह नको. त्या मुलाला मी हेच उत्तर दिलं: तुझ्या बाबांचं नाव आजच्या यादीत नाही, कारण यादी करणाऱ्यांनी तशी रकाना आखलेली नाही. रकाना आखता येते.

आणि अपयशाचं काय?

वार्षिक पुरस्कारांची दुसरी अडचण म्हणजे वर्ष. वर्षभरात यश आलं तर पुरस्कार. पण अंतराळात बरंच खरं काम अपयशाच्या वर्षात होतं.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आपटलं. पुढची चार वर्षं काय झालं? इस्रोच्या शब्दांत ‘अपयश गृहीत धरून केलेली रचना’. उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले. इंधन वाढवलं. पाचवं इंजिन काढून टाकलं. वेग थेट मोजणारं लेझर उपकरण बसवलं. सेकंदाला ३ मीटर वेगानं टेकलं तरी चालेल अशी तयारी केली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी जे उतरलं, ते या चार वर्षांचं फळ होतं. पण २०२०, २०२१, २०२२ या वर्षांत यातल्या कामाची फारशी मोठी बातमी झाली नाही. चुका शोधण्याचा वार्षिक पुरस्कार नसतो.

म्हणून मला एका पुरस्काराचं नाव भारी वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्पेस फाउंडेशननं चांद्रयान-३ टीमला ‘जॅक स्विगर्ट’ पुरस्कार दिला. स्विगर्ट कोण? अपोलो-१३ चे अंतराळवीर. ती मोहीम चंद्रावर उतरूच शकली नाही, पण तिघंही जिवंत परत आले. अपयशातून माणसं वाचवणाऱ्या मोहिमेतल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार, अपयशातून शिकलेल्या टीमला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिलानला आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघाचा ‘जागतिक अंतराळ पुरस्कार’ही चांद्रयान-३ ला मिळाला.

आणि श्रेय कसं वाटावं याचा आपल्या घरातलाच धडा जुना आहे. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्प प्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर बसून जबाबदारी घेतली इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला सांगितली. ही गोष्ट कलाम स्वतः आयुष्यभर सांगत राहिले. याला कुठलंही पदक नव्हतं.

मग व्यक्तीला पुरस्कार देऊच नये का?

नाही, तसं नाही. २०२५ चा ‘विज्ञान रत्न’ जयंत नारळीकरांना मरणोत्तर मिळाला. त्याच वर्षी २० मे रोजी ते पुण्यात गेले. वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण मिळालेला हा माणूस. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, आयुकाची उभारणी, आणि मराठीत विज्ञान सांगण्याचं पन्नासहून अधिक वर्षांचं काम. इथे एका माणसाचं डोकं, एका माणसाची चिकाटी दिसते. इथे नाव असलंच पाहिजे. आमच्या पिढीतले कितीतरी जण त्यांची पुस्तकं वाचून विज्ञानाकडे वळले.

म्हणजे मुद्दा व्यक्ती चूक आणि टीम बरोबर असा नाही. काम जसं असेल तसा पुरस्काराचा साचा हवा. कल्पना एका डोक्यात येऊ शकते. रॉकेट एका हातानं उडत नाही.

पुढच्या वेळी बातमी आली की

हे चार प्रश्न विचारा.

१. देणारा कोण? सरकार, व्यावसायिक संघटना, की त्या कामावर ज्याचं आयुष्य अवलंबून होतं तो माणूस?

२. कशासाठी? एका मोहिमेसाठी, एका वर्षासाठी, की आयुष्यभराच्या कामासाठी?

३. नियमात किती नावं बसतात? एक, तीन, की हजार?

४. आणि त्या नियमात कोण बसूच शकत नव्हतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत कधीच नसतं. ते आपल्यालाच शोधावं लागतं. बऱ्याचदा ते आपल्या शेजारच्या गाळ्यात, लेथ मशीनवर उभं असतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत, नात्यात कुणी अंतराळ मोहिमेच्या कुठल्याही छोट्या पार्टवर काम केलं असेल, तर त्यांच्या परवानगीनं आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवा. कंपनीचं गुपित नको, फक्त काम काय होतं आणि ते कसं केलं तेवढं सांगा. पुरेसे मेसेज आले तर पुढचा एक अख्खा भाग त्यांच्याच आवाजात करू.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!